खडकाची जागा

शरयूबाईंना एका गोष्टीची भयंकर चीड होती. माणसं पैसे देऊन कॉम्प्युटरपुढे बसतात आणि पत्ते खेळतात!

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावरच्या माडीत त्यांचं ‘सोय कॉम्प्युटर सेंटर’ होतं. आधी तिथं वडिलांचे टायपिंगचे क्लास चालायचे. वडील गेले, टाइपरायटर भंगारात गेले आणि त्या टेबलांवर बाईंनी कॉम्प्युटर मांडले. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची अख्ख्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. एखादं गिऱ्हाईक पत्ते खेळताना दिसलं की बाई मागून येऊन उभ्या राहायच्या. "अहो, एवढं सगळं समोर उघडं पडलंय आणि तुम्ही बदामाची राणी शोधताय? सरका. कामाचं काहीतरी दाखवते." आणि सरकावंच लागायचं.

जिन्याच्या तोंडाशी त्यांनी एक फळा टांगला होता. वर पक्क्या रंगात ‘आजची सोय’ आणि खाली रोज खडूनं नवीन काहीतरी. कापसाचे भाव कुठं बघायचे, रेल्वेचं तिकीट रांगेत न उभं राहता कसं काढायचं, मराठी टाइप करायचं फुकटातलं सॉफ्टवेअर कोणतं, निकाल कोणत्या पानावर लागणार. मोंढ्याच्या धान्यबाजारातले तातेराव मुनीम रोज जाता-येता फळा वाचायचे आणि एकदा तरी वर यायचेच. पन्नाशी उलटल्यावर ते ई-मेल करायला शिकले होते, ते निव्वळ बाईंच्या धाकानं.

२००९ च्या उन्हाळ्यात फळ्यावर आलं, ‘आपलं शेत आकाशातून बघा. आजचं आणि जुनंही.’

झालं! जिन्यात चपलांना जागा उरेना. नकाशाचं ते सॉफ्टवेअर बाईंनी सगळ्या मशिनींवर टाकलं होतं. गावाचं नाव घालायचं, की पृथ्वी गरगर फिरून खाली यायची आणि आपलं गाव समोर. गाव सापडलं की देऊळ, देवळावरून रस्ता, रस्त्यावरून शेत. मग बाई तिथं खूण लावायला शिकवायच्या. खूण लावली की एक चौकट उघडायची आणि नाव विचारायची. लोक घाईत तशीच पुढं ढकलायचे, मग नकाशावर नुसत्या बिननावाच्या खुणा. "नाव द्या हो!" बाई ओरडायच्या. "नाव नाही दिलं तर उद्या कळणार कसं, कुठली खूण कशाची?" ज्याच्या त्याच्या खुणा त्या त्याच्या मोबाइल नंबराखाली जपून ठेवायच्या, म्हणजे पुढच्या खेपेला पुन्हा शोधायला नको.

खरी गंमत वरच्या पट्टीत होती. घड्याळाच्या चित्रावर टिचकी मारली की एक पट्टी यायची आणि ती डावीकडं ओढली की वर्षं मागं जायची. तोडलेलं झाड परत उभं राहायचं. बांधलेलं घर नाहीसं व्हायचं आणि तिथं पुन्हा मोकळी जागा. लोक टाळ्या पिटायचे. तातेरावांनीही आपलं घर उघडलं आणि पट्टी ओढली. त्यांच्या अंगणात पांढरी मोटार येऊन उभी राहिली. त्यांचा धाकटा भाऊ त्याच मोटारीत गेला होता, वाटूरच्या अलीकडं, ट्रकखाली. तातेरावांनी टोपी घातली आणि जिना उतरले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माडीवर फिरकले नाहीत. शरयूबाईंनी फळा मात्र पुसला नाही. एवढी उपयोगाची गोष्ट पुसायची कशी?

अशात एका दुपारी मच्छिंद्र आणि नंदाबाई आले. घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला त्यांचं गाव. शेततळ्याच्या कागदासाठी दोघं जालन्याच्या कचेरीत आले होते आणि खालच्या कापडवाल्यानं त्यांना वर पाठवलं होतं. मच्छिंद्र उंच, बोलका, पांढरी टोपी मागं सरकवलेली. नंदाबाई खुर्चीवर बसायला तयारच होईना. नवऱ्याच्या खुर्चीमागं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन उभी राहिली.

"मॅडम, आमचं रान दिसंल का?" मच्छिंद्रनं विचारलं.

"दिसेल ना. मारुतीचं देऊळ सांगा कुठं आहे."

देऊळ सापडलं, नाला सापडला, विहीर सापडली. मच्छिंद्र खुर्चीतून अर्धा उठला. "आरं बाप! ही आपलीच हिर! नंदे, बघ की!" नांगरटीच्या रेघा वरून फणीनं विंचरल्यासारख्या दिसत होत्या. विहिरीजवळच्या वरच्या कोपऱ्यावर त्यानं बोट ठेवलं. "इथं तळं खोदावं म्हनून राह्यलो. कागदाला जोडाया ह्या फोटोची प्रिंट निघंल का?"

आता शरयूबाईंना गप्प बसवतंय कोण! "वरच्या अंगाला तळं? पाणी काय उलटं चढून येणार आहे? हा खालचा कोपरा बघा, नाल्याकडचा. सगळा उतार इकडंच आहे."

"तिथं न्हाई जमत," मच्छिंद्र म्हणाला. "खडक हाय तिथं. फाळ तुटतो. म्हनून तेवढी जागा आम्ही सोडूनच देतो."

खरंच, खालच्या कोपऱ्यात नांगराच्या सरळ रेघा एका जागी येऊन दोन्ही बाजूंनी वळल्या होत्या आणि पुढं जाऊन पुन्हा मिळाल्या होत्या. मधे खाटेएवढी जागा मोकळी. बाईंनी ती मोठी करून बघितली आणि हसल्या. "कसला हो खडक? सगळ्या शेतात हिरवी जागा असेल तर हीच. खडकावर एवढं गवत येतं होय?"

मच्छिंद्रनं टोपी पुढं ओढली. मागून नंदाबाई पहिल्यांदाच बोलली. "गवत तं लई असतं तिथं. बसाया मऊ लागतं." आणि नवऱ्याच्या मानेकडं बघत राहिली.

बाईंनी खालच्या कोपऱ्याभोवती लाल चौकोन काढला, तो मच्छिंद्रच्या मोबाइल नंबराखाली जपून ठेवला आणि झोकात प्रिंट काढली. मच्छिंद्रनं ती घडी करून खिशात टाकली. "चल, जल्दी. जीप चुकंल," म्हणून तो नंदाबाईच्या आधी जिना उतरला. शहाणपणा शिकवल्याच्या आनंदात शरयूबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलंही नाही.

दहा-बारा दिवसांनी नंदाबाई एकटीच आली. भर दुपार, लोडशेडिंग, इन्व्हर्टरवर एकच मशीन चालू आणि माडीवर दुसरं कुणी नाही. घाम पुसायचंही तिला भान नव्हतं.

"ताई, आमचं रान दाखवा. जुनं."

"किती जुनं?"

"बोर व्हती तव्हाचं."

बाईंनी पाणी दिलं. ते तिनं नुसतं हातात धरलं, आणि मग सांगायला लागली ते असं, की मधे विचारायची सोय नाही.

तिला पहिली मुलगी झाली होती. बारसंही झालं नाही, त्याआधीच गेली. लेकरू जाळत नाहीत, पुरतात. मच्छिंद्र आणि सासरा फडक्यात गुंडाळून शेतात घेऊन गेले. बाळंतिणीला कोण नेणार? ती खोलीत दाराला पाठ लावून बसली होती आणि एकच विचारत होती, कुठं ठेवली, कुठं ठेवली. कुणी सांगेना. मग तिला माहेरी धाडलं. पावसाळा सरल्यावर ती परत आली तेव्हा मच्छिंद्रनं सांगितलं, बांधावरच्या बोरीखाली.

"त्याच दिशी जाऊन म्या उकरलं, ताई. नखं फुटली. हातभर उकरलं तरी काही हाती लागंना. हे म्हनले, लई खोल हाय, आन वढीत घरी घिऊन आले. मंग दर अक्षय तृतीयेला बोरीच्या बुडाला दूध घालायची म्या. पुढं सासऱ्याचं सरण कमी पडलं तव्हा बोर तोडली. तरी जागा म्या सोडली न्हाई."

"मग?"

"बोरीपाशी मला कधी काही झालं न्हाई." नंदाबाईनं आवाज खाली घेतला. माडीवर कुणी नव्हतं, तरी. "पन खालच्या कोपऱ्यात, त्या खडकाच्या जागंवर बसलं की पान्हा फुटायचा. पदर भिजायचा. पाठचा लेक वसंता झाला, त्याचं अंगावरचं सुटलं, शाळेत जाया लागला. तरी फुटायचा. म्या ह्यायला सांगितलं, तं ते तोंड फिरवून नाल्याकडं बघत बसले. मला वाटलं, काही बाहेरचं असंल. भगताकडं जाऊन आले. अंगारा लावला. तरी तेच."

भुताखेताच्या गोष्टींना शरयूबाई हसायच्या, आता हसू येईना.

"तुम्ही त्या दिशी म्हनलात, खडकावर गवत येतं व्हय. त्या दिशीपास्नं डोळा लागला न्हाई मला. कचेरीतल्या साहेबानं तुमचा कागद बघून तीच जागा पक्की केली. आज खोदायचं मशीन आलंय. म्या बहिनीकडं जाते म्हनून निघाले. दाखवा, ताई. बोर आन खडक, दोन्ही दाखवा."

इन्व्हर्टरची कुरकुर ऐकू येत होती. बाईंनी शेत उघडलं आणि घड्याळाच्या चित्रावर टिचकी मारली. पट्टी ओढली, तसं शेत एकेक वर्षानं मागं गेलं. कधी कापूस, कधी काळी मोकळी जमीन, कधी ऊस. रेघांची दिशा बदलायची, पण खालच्या कोपऱ्यात त्या दर वर्षी त्याच जागी वळायच्या. मग बोर उभी राहिली, सावलीसकट. नंदाबाईनं पडद्याला हात लावला.

अगदी टोकाला एक धूसर फोटो होता, सगळ्यांत जुना. बाईंनी तारीख वाचून दाखवली. नंदाबाईनं डोळे मिटून हिशोब केला. "म्या माहेरी व्हते तव्हाचा हाय," ती म्हणाली.

त्या फोटोत नांगराच्या रेघा थेट बोरीच्या बुडापर्यंत गेल्या होत्या. कुणीही तिथं काही पुरून लगेच वरून नांगर फिरवला नसता. आणि खालच्या कोपऱ्यात, मोकळ्या जागेच्या मधोमध, एक काळा ठिपका. बाईंना तो नुसता डाग वाटला. त्यांनी मोठा केला, तरी डागच.

"काटे हायेत ते," नंदाबाई म्हणाली. "बाभळीचे. कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू न्हाई म्हनून वर घालतेत."

ती मटकन खाली बसली, खुर्चीवर नाही, फरशीवर. "तिथंच भाकर खातो व्हो आम्ही! रोज दुपारी! बोरीची गार सावली सोडून हा मानूस आम्हाला उन्हात बसवायचा. म्या भांडायची, डोकं फुटतंय म्हनायची, तरी ह्याचं आपलं एकच, इथंच बसायचं. म्या तिच्या अंगावर बसून भाकर खाल्ली, ताई!"

शरयूबाईंनी वेळ घालवला नाही. जपून ठेवलेल्या यादीतून मच्छिंद्रचा नंबर काढला, लावला आणि मोबाइलचा स्पीकर सुरू करून नंदाबाईपुढं धरला. पलीकडून आधी मशीनची घरघर ऐकू आली. लाल चौकोन बाईंनीच काढला होता.

"कोन?"

"म्या बोलून राह्यले."

"कुठून? तू तं बहिनीकडं गेल्तीस ना?"

"आवं," नंदाबाई म्हणाली, "तिथं खडक न्हाई ना?"

नुसती घरघर. मग मच्छिंद्र ओरडला, पण फोनवर नाही, दुसऱ्या कुणावर तरी. "ए, बंद कर! बंद कर म्हनलं ना, बिलकुल बंद!" घरघर थांबली. शेतातला वारा फोनवर येऊन आपटत होता.

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

"मशीन लागलं का तिला?"

"न्हाई लागलं. सकाळपास्नं म्या तिच्यापाशीच बसून राह्यलो. ड्रायव्हरला म्हनलं, पल्याडून सुरू कर. अल्याड आला की त्याला काय सांगावं, हेच सुचंना. साहेबाला काय सांगू? तुला काय सांगू?"

"मला सांगायचं व्हतं! सात वर्सं बोरीला दूध पाजलं म्या! मुंग्यायला पाजलं!"

"बापानं आण घातली व्हती, नंदे. म्हनला, तिला जागा कळली तर ती उकरून काढंल, वेडी व्हईल. आन तू बोरीखाली उकरलंसच की. तुझे हात बघून म्या भ्यालो. मंग बाप गेला, तरी आण राह्यली."

"मंग तिथं भाकर काहून खायला लावायचा? का बसवायचा मला?"

"सांगू नको म्हनला व्हता बाप. बसवू नको म्हनला न्हवता."

नंदाबाईनं फोन कानाशी धरला आणि कपाळ टेबलाच्या पायाला टेकवलं. रडण्याचा आवाज दोन्हीकडून येत होता. कोण कुणाची समजूत काढतंय ते कळत नव्हतं. शरयूबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली ऑटोवाले नेहमीसारखे एकमेकांवर ओरडत होते. थोड्या वेळानं त्या मागं वळल्या तेव्हा नंदाबाईचा पदर पुढून ओला झाला होता. हातातलं पाणी सांडलं असेल, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. पण पेला टेबलावर होता आणि काठोकाठ भरलेला होता.

त्या दिवशी बाईंनी दुकान लवकर बंद केलं. फळा दोन दिवस कोराच राहिला. पत्ते खेळणारे खुशाल खेळले, कुणी हटकलं नाही. पुढं लोक पुन्हा शेतं बघायला यायला लागले, तेव्हा बाई गुपचूप एक गोष्ट बघायच्या. आणि एकदा बघायला लागल्यावर ती दिसायचीच. याच्या शेतात, त्याच्या शेतात, कुठं बांधाला लागून, कुठं अगदी मधोमध, रेघा वळून गेलेली लहानशी जागा. काही ठिकाणी खरंच खडक असेल. "इथं काय आहे हो?" हे मात्र त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर मच्छिंद्र आणि नंदाबाई दोघं आले. या वेळी नंदाबाई खुर्चीवर बसली आणि मच्छिंद्र मागं उभा राहिला. शेततळं तिरपं झालं होतं. साहेब चिडला, खर्च वाढला, पण चौथा कोपरा मच्छिंद्रनं खोदू दिला नाही. नंदाबाईनं पिशवीतून बाईंसाठी भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि म्हणाली, "ताई, लोकं त्या फोटूत खुणा लावतेत ना? आम्हालाबी एक लावायची हाय."

बाईंनी शेत उघडलं. फोटो अजून जुनाच होता, त्यात तळं नव्हतं. नंदाबाईचा हात माउसवर ठेवून त्यांनी बाण खालच्या कोपऱ्यात नेला. टिचकी बसली. पिवळी खूण रोवली गेली आणि चौकट उघडली. चौकटीत रेघ लुकलुकायला लागली.

"नाव काय देऊ?" शरयूबाई सवयीनं म्हणाल्या आणि लगेच त्यांना आपली जीभ हासडावीशी वाटली.

नंदाबाई त्या रेघेकडं बघत होती. "नाव न्हाई तिला," ती म्हणाली. "बारसंच झालं न्हाई."

"हाय," मागून मच्छिंद्र म्हणाला.

दोघींनी वळून बघितलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. "म्या ठिवलंय. भाकर खाताना पहिला तुकडा बाजूला काढून ठिवतो ना म्या, तू म्हनायचीस मुंग्यायला कशाला टाकता... तव्हा मनात हाक मारतो तिला. रोज. गोजर म्हनून."

"तुमच्या आईचं नाव!"

"दुसरं सुचलं न्हाई."

आता नंदाबाई रडते की भांडते, ते बाईंना कळेना. ती दोन्ही करायला लागली. "एकल्यानंच हाका मारल्या? इतकी वर्सं? आन म्या शेजारी बसून चटणी मागत व्हते! तिला वाटलं असंल, बाप वळखतो, आईच वळखत न्हाई!"

नंदाबाईनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढं ओढली. बाईंनी टाइप करायला हात उचलला तर तिनं तो धरला. "म्या दाबते. कुठं हाय ‘गो’?"

शरयूबाई एकेक अक्षर दाखवत गेल्या आणि नंदाबाई एका बोटानं दाबत गेली. मग ती पडद्याजवळ वाकली, पाळण्यावर वाकावं तशी, आणि तोंडानं ते नाव एकदा हळूच म्हणाली. चौकट मिटली. खूण आपल्या नावासकट त्या हिरव्या जागेवर उभी राहिली.

नंदाबाईनं एकदम पदर आवळून छातीशी धरला.

"जरा पंखा लावा, ताई," ती म्हणाली. "आन तुम्ही दोघं तिकडं बघा."